बटाट्याला ‘पापा’ म्हणायचं की ‘पाताता’? स्पॅनिश भाजीबाजाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्पॅनिश शिकले पुण्यात, पुस्तक होतं स्पेनचं, आणि त्या भाषेत पहिल्यांदा भाजी घ्यायची वेळ आली ती मेक्सिको सिटीत. म्हणजे अभ्यास एका पेपरचा आणि समोर आला भलताच. नंतर दोन वर्षं ब्युनोस आयरेसला काढली तिथे परत पहिलीपासून सुरुवात. तेव्हापासून ओळखीतलं कोणीही त्या बाजूला निघालं की मला मेसेज येतो, बटाट्याला काय म्हणू गं, भेंडी मिळते का गं, ढोबळी मिरची मागितली तर वेगळंच काहीतरी दिलं गं. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच सगळं इथे.

आधी एक सांगते, शब्द मी उच्चाराप्रमाणे लिहिलेत. त्यांचा ‘त’ आपल्या ‘त’सारखा मऊ असतो, इंग्लिशसारखा ‘ट’ नाही, त्यामुळे आपली जीभ इथे इंग्लिशवाल्यांपेक्षा पुढे आहे.

स्पॅनिश एकच भाषा आहे ना, मग भाज्यांची नावं वेगळी कशी?

भाषा एकच आहे, पण वीस देशांची राजभाषा आहे, वर पोर्तो रिको वेगळंच. आणि गंमत अशी की क्रियापदं वगैरे बरीचशी सारखी राहतात पण ताटातला शब्द बदलतो. कारण साधं आहे. मका, बटाटा, रताळं, मिरची, टोमॅटो, लाल भोपळा, राजमा-घेवडा हे सगळं अमेरिका खंडातलं, १४९२ च्या आधी स्पेनमध्ये कोणी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे शब्दही नव्हता. जहाजं आधी पोचली कॅरिबियन बेटांवर, तिथल्या ताइनो लोकांकडून माइस (मका), बाताता (रताळं), आही (मिरची), युका (साबुदाण्याचा कंद) हे शब्द घेतले. मग मेक्सिको, १५२१ मध्ये तिथली राजधानी पडली, तिथे नाहुआत्ल भाषा. मग १५३० नंतर पेरू, तिथे केचुआ. प्रत्येक ठिकाणी लोकांकडे आपापला शब्द होताच आणि तो काही हटला नाही.

शेंगदाण्याचं बघा. कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेत मानी, मेक्सिकोत काकाव्हाते, स्पेनमध्ये काकाव्हेते. दाणा तोच.

उलट कांदा, लसूण, गाजर, पालक, वांगं ही मंडळी स्पेनमधूनच जहाजात बसून गेली, त्यामुळे ती सगळीकडे एकाच नावाने ओळखली जातात: सेबोया, आहो, सानाओरिया, एस्पिनाका, बेरेनहेना. मी हा नियम सगळ्यांना सांगते, जुन्या जगातली भाजी असेल तर शब्द बिनधास्त वापरा, नव्या जगातली असेल तर आधी विचारा. वाटाणा, बीट आणि कोबी हा नियम मोडतात, त्यांच्याबद्दल पुढे.

बरं, मग बटाटा?

स्पेनमध्ये पाताता. बाकी जवळजवळ सगळीकडे पापा. स्पेनमध्येसुद्धा कॅनरी बेटांवर पापाच, आणि दक्षिणेला आंदालुसियात पण बरेच लोक पापा म्हणतात.

पापा हा मूळ केचुआ शब्द, बटाट्याच्या माहेरचा, अँडीज डोंगरातला. पेरूत बाजारात गेलात तर कळेल की बटाटा म्हणजे एक वस्तू नाहीच, जांभळे, पिवळे, बोटासारखे लांबुडके, गाठीगाठींचे. अँडीजमध्ये ४,००० च्या वर देशी वाण आहेत आणि लिमाला १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, आपल्याकडे तांदळाच्या वाणांवर जसे लोक हळवे होतात तसे तिथे बटाट्यावर होतात. मग स्पेनमध्ये पाताता कुठून आलं तर पापा आणि बाताता यांची खिचडी झाली, एक शब्द रताळ्याचा एक बटाट्याचा, दोन्ही जमिनीखालचे, लोकांनी घोळ घातला.

आणि आता आपला ‘बटाटा’. तो पोर्तुगीज बाताताकडून गोव्यामार्गे आला, आणि पोर्तुगीजांनी तो त्याच ताइनो रताळ्यावरून घेतलेला. म्हणजे दादरच्या गाडीवर वडा मागताना आपण कॅरिबियन बेटांवरचा शब्द बोलतो. ब्युनोस आयरेसला ऑफिसात मी मोठ्या उत्साहाने ‘बाताता वडा’ समजावून सांगितला तर सगळ्यांना वाटलं रताळ्याचा गोड पदार्थ आहे, कारण अर्जेंटिनात बाताता म्हणजे रताळंच. त्यात त्यांच्याकडे रताळ्याची घट्ट गोड वडी मिळते, दुल्से दे बाताता, ती चीजच्या तुकड्यावर ठेवून खातात, त्यामुळे त्यांचा गैरसमज अजूनच पक्का झाला.

रताळ्याला मग सगळीकडे बाताताच म्हणायचं का?

नाही ना. मेक्सिको, मध्य अमेरिका, पेरू, इक्वाडोर, चिली इथे कामोते. क्युबात बोनियातो, उरुग्वेतही बोनियातो ऐकू येतं. अर्जेंटिना, डॉमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको इथे बाताता. स्पेनमध्ये बोनियातो आणि बाताता दोन्ही. कामोते तर पार फिलिपिन्सपर्यंत गेला, १५६५ ते १८१५ मेक्सिको आणि मनिला यांच्यात स्पॅनिश गलबतं चालायची, त्यात बसून. तिथे आजही रताळ्याला कमोतेच म्हणतात.

पेरूत कोणाच्या प्रेमात पडलं की ‘एन्कामोतार्से’ म्हणतात, म्हणजे शब्दशः रताळणं. यावर मी काही बोलत नाही.

शब्द ऐकून तो कुठला ते ओळखता येतं का?

बऱ्याचदा येतं. शेवटी ‘ते’ असेल तर बहुतेक मेक्सिको. नाहुआत्लमध्ये नामं ‘त्ल’ ने संपायची, ते स्पॅनिश जिभेला झेपेना म्हणून ‘ते’ झालं. तोमात्लचं तोमाते, एलोत्लचं एलोते (कणीस), आव्हाकात्लचं आग्वाकाते (अवाकाडो), एशोत्लचं एहोते (फरसबी). हे एकदा लक्षात आलं की मेक्सिकोच्या मंडईत पाट्या वाचायला मजा येते. केचुआ शब्दांना अशी ठरलेली शेपटी नाही, पण चोक्लो (कणीस), सापायो (लाल भोपळा), पोरोतो (राजमा), पाल्ता (अवाकाडो) कानावर पडले की समजायचं की आपण दक्षिणेला आलो.

मेक्सिकोत टोमॅटो मागितला तर हिरवी आंबट फळं का दिली?

हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की बस. मेक्सिको सिटी आणि मध्य भागात लाल टोमॅटो म्हणजे हितोमाते, आणि नुसतं तोमाते म्हटलं की कागदासारख्या पापुद्र्यात गुंडाळलेलं हिरवं फळ, ज्याची हिरवी साल्सा करतात. उत्तर मेक्सिकोत गेलं की उलट, लाल तो तोमाते आणि हिरवं ते तोमातियो. देश एकच! बाकी सगळ्या स्पॅनिश जगात तोमाते म्हणजे लालच, काळजी नको. तरीपण बोटाने दाखवून ‘एल रोहो’ म्हणजे लालवालं म्हणा, वेळ वाचेल. तसं चुकून आलं तर फेकू नका, हिरव्या टोमॅटोची चटणी करतो तशीच शेंगदाणा-मिरची घालून करा, फर्स्टक्लास होते.

मिरचीचं काय? सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत चिले. कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेत आही. स्पेनमध्ये पिमिएन्तो, पण तो बहुतेक वेळा गोडसर असतो, तिखट हवी तर गिन्दिया मागा. चिली नावाच्या देशात मिरचीला चिले म्हणत नाहीत, आही म्हणतात, आणि देशाच्या नावाचा मिरचीशी काही संबंध नाही. हे मला चिलीच्या एका सहकाऱ्याने जरा वैतागूनच सांगितलं होतं, त्याला तो विनोद फार वेळा ऐकावा लागला असणार.

पिमिएन्तोची गोष्ट आपल्यासारखीच आहे. कोलंबसाची माणसं निघाली होती काळ्या मिरीच्या शोधात, मिरीला ते पिमिएन्ता म्हणत, नवीन तिखट वस्तू सापडली तिला त्यावरूनच नाव दिलं. आपण पण मिरीवरून मिरचीच केलं ना.

आता ढोबळी मिरची, इथे खरा गोंधळ. अर्जेंटिनात मोर्रोन. मेक्सिकोत पिमिएन्तो किंवा पिमिएन्तो मोर्रोन. कोस्टा रिकात चिले दुल्से म्हणजे गोड मिरची, निकाराग्वात चिल्तोमा. चिली, कोलंबिया, व्हेनेझुएला इथे पिमेन्तोन. पण स्पेनमध्ये पिमेन्तोन म्हणजे लाल मिरचीची पूड! माझी एक मैत्रीण माद्रिदला कोलंबियन बाईचा व्हिडिओ बघून भात करत होती, ‘एक पिमेन्तोन घाला’ ऐकलं, घरी पिमेन्तोनचा डबा होता, तिने विचार केला एक चमचा असेल. भात खाल्ला म्हणे सगळ्यांनी, ढोबळी मिरचीशिवाय आणि धुराच्या वासाचा, कारण तिकडची ती पूड बऱ्याचदा धुरी दिलेल्या मिरचीची असते.

अजून एक, तिखट म्हणजे पिकान्ते. कालिएन्ते म्हणजे तापलेलं. इंग्लिशवरून भाषांतर करत बोलाल तर वेटर प्लेट परत गरम करून आणेल.

कणसाला काय म्हणतात?

मका म्हणजे माइस हे सगळ्यांना कळतं. पण कोवळं कणीस, भाजून लिंबू-मीठ लावायचं ते, त्याला मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत एलोते, पेरू-बोलिव्हिया-चिली-अर्जेंटिनात चोक्लो, व्हेनेझुएलात होहोतो, स्पेन आणि कोलंबियात मासोर्का. मेक्सिकोत रस्त्यावर एलोते घ्या नक्की, आपल्यासारखंच लिंबू आणि तिखट लावतात, वर मेयोनीज आणि चीज पण थापतात, ते मला आधी पटलं नाही आणि नंतर त्याच्याशिवाय चालेना. पेरूचा चोक्लो वेगळाच, दाणे अंगठ्याच्या नखाएवढे, पांढरे, पिठूळ. आपल्या मक्याची गोडी त्यात शोधू नका.

पॉपकॉर्नचं तर विचारूच नका, अर्जेंटिनात पोचोक्लो, पेरूत कांचिता, चिलीत काब्रितास म्हणजे छोट्या बकऱ्या, व्हेनेझुएलात कोतुफास, कोलंबियात क्रिस्पेतास, इक्वाडोरला कांगिल, स्पेन-मेक्सिकोत पालोमितास म्हणजे छोटी कबुतरं. लाह्या म्हणून सोडून द्यायचं.

राजमा, घेवडा, फरसबी, यांची यादी कोणी करून देईल का?

यादी करून ती डोक्यात बसत नाही हा माझा अनुभव, देश धरून बोलते.

वाळलेले दाणे, राजमा टाइप: मेक्सिकोत फ्रिहोल, पेरूत फ्रेहोल, अर्जेंटिना आणि चिलीत पोरोतो, व्हेनेझुएलात काराओता, पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आबिचुएला, स्पेनमध्ये हुदिया किंवा आलुबिया आणि उत्तरेला आस्तुरियासमध्ये फाबा.

हिरव्या शेंगा म्हणजे फरसबी: मेक्सिकोत एहोते, अर्जेंटिनात चाउचा, चिलीत पोरोतो वेर्दे, पेरूत बाइनिता, कोस्टा रिकात बाइनिका, स्पेनमध्ये हुदिया वेर्दे. आणि कोलंबियात आबिचुएला! म्हणजे पोर्तो रिकोचा माणूस आबिचुएला म्हणतो तेव्हा राजम्याची आमटी, कोलंबियाचा म्हणतो तेव्हा फरसबीची भाजी. दोघं एका घरात भाड्याने राहिले तर काय होत असेल.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत राजम्याची खीर करतात, आबिचुएलास कोन दुल्से, राजमा शिजवून वाटून त्यात दूध, नारळाचं दूध, साखर, रताळ्याचे तुकडे, बेदाणे. ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी आठवावं की आपण डाळ शिजवून गूळ घालून पोळीत भरतो.

तूरडाळ मिळते का तिकडे?

डाळ म्हणून भारतीय दुकानातच शोधा. पण तुरीचे हिरवे दाणे कॅरिबियनमध्ये घरोघरी खातात! पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये गान्दुलेस, पनामात आणि कोलंबियाच्या किनाऱ्यावर ग्वान्दु, व्हेनेझुएलात किन्चोन्चो. पोर्तो रिकोत ख्रिसमसला आर्रोस कोन गान्दुलेस झालाच पाहिजे, म्हणजे तुरीच्या दाण्यांचा भात. विदर्भातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, थंडीतला सोलेभातच की तो, फक्त मसाला दुसरा. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या मराठी मंडळींनी सुपरमार्केटात कॅरिबियन सामानाच्या फळीवर ‘गान्दुलेस वेर्देस’ लिहिलेला डबा बघा, पाण्यातून धुऊन घ्या आणि सरळ आमटीत टाका. हरभरा सगळीकडे गार्बान्सो, मसूर सगळीकडे लेन्तेहा, तिथे काही भानगड नाही.

ते नियम मोडणारे तीन कोण?

वाटाणा: स्पेनमध्ये गिसान्ते, मेक्सिकोत चिचारो, दक्षिण अमेरिकेत बहुतेक आरवेहा (बोलताना आल्वेर्हा पण होतं), आणि व्हेनेझुएला, पनामा वगैरे ठिकाणी चक्क फ्रेंच नाव पेतिपुआ. बीट: स्पेन-अर्जेंटिनात रेमोलाचा, मेक्सिकोत बेताबेल, पेरू-चिलीत बेतार्रागा. कोबी: स्पेन आणि मेक्सिकोत कोल, दक्षिणेला रेपोयो. आपला कोबी पोर्तुगीज कोव्हवरून आलेला, कोल त्याचाच भाऊबंद. फ्लॉवर कोलिफ्लोर, तो कळतोच.

लाल भोपळा आणि दुधी?

दुधी साध्या दुकानात सापडेल ही आशा सोडा. लाल भोपळा स्पेन-मेक्सिकोत कालाबासा, अर्जेंटिना-चिली-पेरूत सापायो, व्हेनेझुएला आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आउयामा, मध्य अमेरिकेत आयोते. ब्युनोस आयरेसला ‘य’चा ‘श’ होतो म्हणून तिथे सापाशो ऐकू येईल, कांदा सेबोशा होईल, घाबरू नका. झुकिनी स्पेनमध्ये कालाबासिन, मेक्सिकोत कालाबासिता, चिलीत सापायो इतालियानो. झुकिनीची चणाडाळ घालून दुधीसारखी भाजी होते, पाणी अजिबात घालायचं नाही.

स्पेनमध्ये एखाद्या मुलीने मुलाला नकार दिला की ‘तिने त्याला भोपळे दिले’ म्हणतात. परीक्षेत नापास झालं तरी भोपळाच, हे मात्र अगदी आपल्यासारखं.

वांग्याला बेरेनहेना म्हणतात, यात वांगं कुठे आहे?

आहे, नीट बघा. संस्कृत वातिंगण, त्यावरून फारसी बादिंगान, त्याचं अरबी बादिंजान, अरबांबरोबर ते स्पेनला पोचलं आणि बेरेनहेना झालं. आपलं वांगं त्याच घराण्यातलं. आणि तिथून ते स्पॅनिश जहाजांनी अमेरिकेला गेलं, त्यामुळे माद्रिद ते लिमा एकच नाव. माझ्या मते सगळ्या यादीत हा एक शब्द पाठ केला तरी चालेल, भरीत तरी करता येईल.

नसत्या लफड्यात अडकणं याला स्पॅनिशमध्ये ‘मेतेर्से एन उन बेरेनहेनाल’ म्हणतात, वांग्याच्या वावरात शिरणं. ज्याने काटेरी वांग्याची तोडणी केलीय त्याला हे लगेच कळेल.

साबुदाण्याच्या कंदाला काय म्हणतात?

बहुतेक ठिकाणी युका, पण अर्जेंटिना आणि पराग्वेत मान्दियोका. तळून खातात, उकडून खातात, पराग्वेत तर जेवणात पावासारखा बाजूला असतोच. उपासाला आम्ही तोच उकडून दाण्याचं कूट, जिरं, मिरची घालून परतायचो, खिचडीची हौस भागते. अळकुड्यांच्या नात्यातला कंद हवा असेल तर क्युबात मालांगा, पोर्तो रिकोत याउतिया, व्हेनेझुएलात ओकुमो.

काकडी तरी सरळ आहे का?

पेपिनो. पण पेरू आणि इक्वाडोरमध्ये पेपिनो म्हणजे जांभळ्या रेघांचं एक गोड फळ, काकडीला तिथे पेपिनियो म्हणतात. आणि स्पेनमध्ये पेपिनियो म्हणजे व्हिनेगरमधली चिमुकली काकडी. कोशिंबिरीसाठी धावपळ झाली की सांगू नका की सांगितलं नव्हतं.

अवाकाडो?

मेक्सिको, स्पेन, कोलंबिया: आग्वाकाते. पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना: पाल्ता. संपलं.

कुठला शब्द बोलू नये असं काही आहे का?

क्युबात पपईला पापाया म्हणू नका, तिथे त्याचा अर्थ भलताच होतो, फ्रुता बोम्बा म्हणा. मेक्सिकोत चिले या शब्दावरून द्वयर्थी विनोद करायची जुनी हौस आहे, भाजीवाला गालात हसला तर तुम्ही पण हसा आणि मिरच्या घेऊन निघा. आणि भाजी नाही पण सांगते, काजूला मेक्सिकोत ‘नुएस दे ला इंदिया’ म्हणतात, भारताचा सुकामेवा. काजू मूळचा ब्राझीलचा, आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांनी आणला, आणि मेक्सिकोचा दुकानदार मला म्हणतो हे तुमच्याकडचं. मी पण हो म्हटलं.

शब्द माहीत नसेल तर काय करायचं?

‘कोमो ले दिसेन आकि?’ म्हणजे याला इथे काय म्हणतात. हे वाक्य मला कुठल्याही डिक्शनरीपेक्षा जास्त उपयोगी पडलंय, लोक खूश होतात, कसं शिजवायचं तेही सांगतात. पुस्तकच हवं तर स्पॅनिश अकादम्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या शब्दांचा वेगळा कोश काढलाय, त्यात कुठल्या देशात काय म्हणतात ते दिलंय, पण ते वाचत भाजी निवडता येत नाही.

भेंडी?

क्युबात किम्बोम्बो, पोर्तो रिकोत गिंगाम्बो, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मोलोन्द्रोन. पहिले दोन आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या भाषांतले, भेंडी त्यांच्याबरोबरच तिकडे रुजली. कॅरिबियनबाहेर मात्र बऱ्याच लोकांनी भेंडी पाहिलेलीच नसते, ब्युनोस आयरेसला मी फोटो दाखवत फिरले तर एकाने विचारलं ही मिरची आहे का. तिथे शेवटी एका बोलिव्हियन बाईच्या भाजीच्या दुकानात कोथिंबीर, आलं, हिरव्या मिरच्या सगळं मिळालं, भेंडी नाही.

आणि मेथी?

कोशात आलोल्बा किंवा फेनोग्रेको. पहिला शब्द अरबी हुल्बावरून आलेला. बाजारात हे म्हटलं तर दाणे मिळतील, तेही औषधी वनस्पतींच्या दुकानात. जुडी मिळत नाही. दाणे रात्रभर भिजवून कुंडीत पेरा, तीन आठवड्यांत भाजीपुरती होते.